प्रवासापुरतं कुंकू

“हिचा मालक कवा येते?” तुळसाबाईनं मला विचारलं तेव्हा तिच्या हातात हिरवं लुगडं होतं, आणि तू तिच्या ओसरीवर मरून पडली होतीस, कमल.

तुझं अंग अजून तापलेलंच होतं. मेलेलं माणूस गार पडतं हे मी घरातल्या सगळ्या मरणांत पाहिलं आहे. तू गार पडत नव्हतीस. मी तुझ्या हातावर हात ठेवून बसले होते आणि वाटत होतं, ही आता उठेल आणि म्हणेल, आत्याबाई, चला, एसटी चुकेल.

लुगडं तुळसाबाईचं स्वतःचं होतं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिच्या पोरीच्या लग्नातलं असेल. अहेव बाई गेली की तिला हिरवं नेसवतात, ओटी भरतात. तुळसाबाईचं काही चुकलं नव्हतं. तुझ्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती, हातात बांगड्या होत्या. पांढऱ्या कपाळाची मी शेजारी बसलेली होते. सासू विधवा, सून सवाष्ण, असंच कोणालाही दिसलं असतं. माझा लेक मधुकर मरून किती वर्षं झाली हे तिला कोण सांगणार? सांगणारी मी एकटीच होते. गल्लीतल्या आणखी बाया दारात उभ्या होत्या. सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

तेव्हा मी काय बोलले ते तुला ठाऊक नाही. सांगते. पण त्याआधी आपलं भांडण, कारण ते अर्धंच राहिलं आहे.

मधुकर विषमज्वरानं गेला तेव्हा तू नवीच होतीस. तुझ्या सासऱ्यांना जाऊनही काळ लोटला होता. घरात मिळवतं माणूस नाही, आणि आपल्यात विधवेचा पाट लावायची रीत नाही. मीच म्हटलं, अमरावतीला जा, मास्तरीण हो. लोक म्हणाले, बुढीनं सुनेसाठी फार केलं. मी काही केलं नाही. दोघींना खायला लागत होतं. तू शिकून आलीस, गावच्या शाळेत लागलीस, पगार माझ्या हातात देऊ लागलीस. एवढं मला कळत होतं.

कळलं नाही ते पुढचं. उन्हाळ्याच्या सुटीत एक दिवस म्हणालीस, “आत्याबाई, मी जरा बाळापूरले जाऊन येतो.”

“काहून? तिथं आपलं कोन हाय?”

“कोनी नाई. छत्री पाह्यची हाय. नदीवर दगडाची छत्री बांधेल हाय म्हनतात.”

“मेलं कोनी तिथं? बाळंत होऊन राहिली कोनी?”

“नाई.”

“मंग?”

“मंग काई नाई. पाह्यची हाय.”

बाई माहेरी जाते, बाळंतपणाला जाते, मयतीला जाते, जत्रेला जाते. बोलावणं नसताना कोणी कुठं गेलेलं मी पाहिलं नव्हतं. मला तुझा राग आला तो तू गेलीस म्हणून नाही. लोकांना सांगायला मला कारण पाहिजे होतं आणि तू कारण देत नव्हतीस. मी आपली सांगत सुटले, सून मावशीकडे गेली. नाताळच्या सुटीत तू मूर्तिजापूरहून अचलपूरच्या लहान गाडीत बसून आलीस, मी सांगितलं मावशीकडे गेली. पुढं अकोटला कापसाच्या जिनात सरकी निघते ती पाहून आलीस, तरी मावशीच. तू घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणालीस, “इतक्या मावश्या कुठून आनल्या व, आत्याबाई? माझ्या आईले तं बहीनच नाई.”

मला हसू आलं होतं. दाखवलं नाही.

तू परत आलीस की मी चुलीपुढे बसून भाकरी थापायची आणि तू उंबऱ्यात बसून सांगायचीस. मी मध्येमध्ये “हं” म्हणायची. तुला वाटत असेल बुढी ऐकत नाही. मी सगळं ऐकलं. लहान गाडी इतकी हळू चालते की एका ठेसनावर एक माणूस उतरून शेतातल्या बाईकडून हरभऱ्याच्या डहाळ्या घेऊन पुन्हा चढला, हे तू सांगितलंस. जिनातल्या बायांच्या केसांवर, भुवयांवर कापूस बसतो आणि तरण्या पोरी म्हाताऱ्या दिसतात, हेही. नव्या गावी पोचलं की आधी धुणं धुतात तो घाट गाठायचा, म्हणायचीस. बाया एकमेकींच्या सासवांना शिव्या देत असतात, तिथं गाव कळतं, आणि कोणत्या आळीत जायचं नाही तेही कळतं. वाट पुसायची तर लेकरू काखेत असलेल्या बाईला पुसायची. पुरुषाला पुसलं तर तो वाट सांगत नाही, सोबत निघतो.

आणि पिशवीत कापूस ठेवायचीस. स्टँडवर बसायची वेळ आली की मांडीवर घेऊन वाती वळायच्या. वाती वळत बसलेल्या बाईला कोणी विचारत नाही, तू काहून बसली. तुझ्या त्या वातींनी आपल्या देवाला कधी तूट पडली नाही. पण दिवस बुडायच्या आत तू घरात. ते तू कधी मोडलं नाहीस.

हे सगळं मला चाललं. कुंकू चाललं नाही.

ती खबर गोदीनं आणली. माझी जाऊ कशी आहे तुला माहीत आहे. मूर्तिजापूरच्या ठेसनावर तिनं तुला पाहिलं आणि घरी न जाता सरळ माझ्या दारात येऊन बसली. “तुमच्या सुनेनं दुसरा केला काय व, बाई? कपाळभर कुंकू लावून बाकड्यावर बसेल होती!”

तू आलीस तेव्हा तुझं कपाळ नेहमीसारखं कोरडं होतं. मी पिशवी हिसकली आणि अंगणात उपडी केली. वाती पडल्या, करंडा पडला, तळहाताएवढा आरसा पडला, काचेच्या काळ्या मण्यांची पोत पडली.

“कोनाच्या नावानं लावते?” मी विचारलं.

“तुमच्या लेकाच्या.”

“तो मेला.”

“मले सांगता? मी उशाशी होती. पन मोटारीतल्या मानसाले ठाऊक नाई ना तो मेला म्हून.”

मी हात उगारला होता. तू मागं सरली नाहीस. मग तू मला अमरावतीचं सांगितलंस. शिकायला होतीस तेव्हा एक माणूस रोज बाजारापासून तुझ्या राहत्या जागेपर्यंत मागं यायचा. बोलायचा नाही, नुसता यायचा. एका कासारणीनं ते पाहिलं. तिनं तुला दुकानात घेतलं, बसवलं आणि म्हणाली, “पोरी, मेले चेहरा पाहून मागं लागत नाईत, कपाळ पाहून लागतात. ज्या घराले दार नाई तिथं कुत्रं शिरते.” तिनंच तुझ्या हातात बांगड्या भरल्या, तिनंच ती काचेची पोत दिली.

“आत्याबाई,” तू म्हणालीस, “उघड्या कपाळाच्या बाईले मानूस मोटारीत जागा देते. पन तिकडं सरकून नाई देत. इकडं सरकून देते.”

“तं घरी राह्य.”

“घरी राहूनच गेला तुमचा लेक. मोटारीत नाई गेला.”

“कुंकू काय छत्री हाय व? ऊन लागलं का उघडली, घर आलं का मिटली?”

“छत्रीच समजा. जिता होता तवा तुमच्या लेकानं मले कुठंच नेलं नाई, आत्याबाई. मेल्यावर नेऊन राहिला.”

खरं होतं ते. मधुकर माझा मुलगा होता पण घरकोंबडा होता. मी बोलणं बंद केलं. किती दिवस ते आठवत नाही. तू करंडा उचलून पुन्हा पिशवीत ठेवलास, माझ्या देखत. भांडण मिटलं असं आपण कधी म्हटलं नाही. मी विचारणं सोडलं आणि तू जाणं सोडलं नाहीस.

कुंकू खरं का खोटं, यावर मला अजून बोलायचं होतं. माझ्याजवळ उत्तरं होती. स्वयंपाक करताना मनात जुळवून ठेवली होती. आता ती कोणाला देऊ?

या उन्हाळ्यात तू पातूरची लेणी पाहायला निघालीस आणि मी म्हटलं, मीबी येते.

“तुमी? काहून?”

“पाहू दे मले, काय असते तिथं येवढं.”

तू हसली नाहीस. माझं धुतलं लुगडं काढून ठेवलंस. सकाळच्या गाडीनं अकोल्याला उतरलो. स्टँडच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला, तू पिशवीतून आरसा काढलास, जरा थांबलीस आणि माझ्याकडे दिलास. “धरा.”

मी धरला. तू कुंकू लावलंस. आरसा मी तिरपा धरला होता, म्हणून कुंकू जरा वाकडं लागलं. मग तूच बोटानं सारखं केलंस. मधुकर गेल्यापासून तुझ्या कपाळावर मी ते पाहिलं नव्हतं. तू बरी दिसत होतीस. एवढंच म्हणते.

पातूरच्या गाडीतला कंडक्टर तुला अकोटच्या गाडीपासून ओळखत होता. “काय बाई, मालकाले याही वेळी सुटी नाई भेटली काय?”

“नाई ना. त्याईनं आईले पाठवलं राखनीले,” तू म्हणालीस, आणि पुढच्या बाकावरचे लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि थोडं बरंही वाटलं, माझ्या मुलाबद्दल कोणी सुटी भेटली का असं विचारतं म्हणून.

गाडी वाटेत बिघडली. सगळे खाली उतरून बाभळीखाली बसलो. माझ्या खांद्याला पाण्याची छागल होती. मी प्यायले. तुला पुढं केली तर तू मान हलवलीस. सकाळी निघताना अर्धा कप चहा तेवढा तुझ्या पोटात होता. मला तेव्हा तुझी ती रीत कळली. घराबाहेर पडलं की तू पाणी बंद करायचीस. पाणी प्यालं की आडोशाला बसायला जावं लागतं, आणि एकटी बाई बसायला जाते तेव्हा तिच्याकडे पाठ करून उभं राहणारं कोणी नसतं. कुंकवाचा तिथं उपयोग नाही. इतक्या उन्हाळ्यांत बाळापूर, अकोट, नरनाळ्याचा किल्ला तू असा तहानेनं पाहिलास. हे तू चुलीपुढे कधी सांगितलं नव्हतंस.

“आता मी हाय ना,” मी म्हटलं. “मी उभी राह्यते.”

“ते पाहा ना लोक बसेल हायेत तिकडं. घरी गेल्यावर पेतो.”

मला कोण पाहतं? म्हातारी बाई झाडासारखी. मी बाभळीमागं जाऊन आले. तूच माझ्यासाठी पदर पसरून उभी राहिलीस.

टेकडीवरच्या लेण्यांपाशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पायाखालची जमीन पोळत होती. आत मात्र गार. वटवाघळांचा वास येत होता. तू भिंतीवर हात फिरवत होतीस, छिन्नीचे घाव दाखवत होतीस. “हे पाहा, आत्याबाई. मानसाच्या हाताचं हाय हे. एक एक घाव.”

“कशाले खोदलं?”

“साधू राहत असतीन. पावसाळ्यात वाटसरू टेकत असतीन.”

“बायाले टेकू देत होते काय?”

तू विचार केलास. “ठाऊक नाई.”

“मंग तुले काय त्याचं?”

“आता तं टेकलो ना आपन,” तू म्हणालीस, आणि खांबाला पाठ लावून पाय पसरून बसलीस. दोन्ही पाय लांब, पदर बाजूला, शाळेत किंवा घरी तू असं कधी बसली नव्हतीस. मीही बसले. मी म्हटलं, “येवढंच? यासाठी येवढं ऊन खाल्लं?” तू हसलीस.

ऊन उतरेपर्यंत तिथंच थांबलो असतो तर झालं असतं. पण दिवस बुडायच्या आत घर गाठायचं तुझं ठरलेलं, आणि अकोल्याहून पुढची गाडीही धरायची होती. आपण भर दुपारी उतरलो. तू पुढं, मी मागं. टेकडी उतरताना मी पुन्हा छागलीतून प्यायले आणि तुला म्हटलं, पी. तू म्हणालीस, स्टँडवर पाहू.

रस्त्याला लागल्यावर तुझी चाल बदलली. तुझ्या तोंडावर घाम नव्हता. मी घामानं भिजले होते आणि तू कोरडी, लाल. तू थांबलीस, पुढच्या रस्त्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “ते पुढं गेले काय, आत्याबाई?”

“कोन?”

तू दोन पावलं टाकलीस आणि खाली बसलीस, मग आडवी झालीस.

तुळसाबाईचं घर रस्त्यावरच होतं. ती आणि तिची पोरगी धावत आल्या. तिघींनी मिळून तुला ओसरीवर आणलं. तुळसाबाईनं कांदा ठेचून तळपायाला चोळला, कैरीचं पन्हं केलं, ओल्या धडप्यानं अंग पुसलं. मी छागल तुझ्या तोंडाला लावली. पाणी ओठांवरून मानेवर गेलं. आत गेलं नाही. दवाखान्याकडे माणूस धाडला होता. तो परत येईपर्यंत तू राहिली नाहीस.

आणि तुळसाबाईनं पेटीतलं हिरवं लुगडं काढलं आणि मला विचारलं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं मला ठाऊक होतं. लुगडं परत पेटीत गेलं असतं. त्याच धडप्यानं तुझं कपाळ पुसलं असतं, बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या असत्या, पोत तोडली असती. मधुकर गेला तेव्हा हे सगळं तुझ्यावर एकदा झालं होतं. बांगड्या मीच फोडल्या होत्या, घरात मोठी मी होते म्हणून.

मी म्हटलं, “नागपूरले नोकरीले हाय. पोचनार नाई तो. नेसव तू.”

मग त्यांनी तुला नेसवलं. मळवट भरला. खण-नारळानं ओटी भरली. आणि मग त्या बाया एकेक करून तुझ्या पाया पडल्या, कमल. “पुन्यवान व माय,” एक म्हणाली, “कुंकवासकट गेली.” आपल्या गावात हळदीच्या दिवशी तू दारात दिसलीस की बाया आत वळायच्या. आणि इथं तुझ्या पायांवर कपाळं टेकत होती. मी भिंतीला टेकून पाहत होते. माझा मधुकर नागपूरला होता, त्याला सुटी नव्हती, त्याला अजून कळलं नव्हतं. तुझ्यासाठी मी रडत होतेच, पण ती बातमी त्याला कोण सांगेल म्हणूनही रडले. असं कसं झालं मला सांगता येत नाही.

रहीमभाई म्हणून एक ट्रकवाला होता, तुळसाबाईच्या शेजारचा. त्यानं ट्रकमध्ये कडबा अंथरला. “माजी, तुमी पुढं बसा. बहूले मी सावकाश नेतो, एक गचका नाई बसू देत.” मी पुढं बसले नाही. मागं तुझ्यापाशी बसले. त्यानं खरंच सावकाश नेलं.

गावात ट्रक थांबला आणि गोदी पुढं आली. तुला पाहून आधी छाती पिटली आणि मग थांबली.

“हे काय व बाई! नवरा मेलेल्या बाईले हिरवं? कोनं केलं हे?” ती घरात गेली आणि ओला फडका घेऊन आली. “पुसा थे. लोक काय म्हनतीन?”

“हात लाव तं पाह्य,” मी म्हटलं.

“अवो पन कोनाच्या नावाचं कुंकू हाय हे?”

“माझ्या लेकाच्या. अनखी कोनाच्या?”

गोदीच्या हातात फडका तसाच राहिला. पुरुष मंडळी कुजबुजली. कोणी म्हणालं, बुढीचं डोकं फिरलं. फिरू दे. तू हिरव्या लुगड्यात गेलीस, मळवटासकट. ओटीतला नारळही तुझ्यासोबत दिला.

तुझी तेरवी झाली. जेवायला आलेले लोक एकच बोलत होते. बाई एकटी हिंडे, म्हणून असं झालं. मी त्यांना वाढता वाढता सांगितलं, एकटी हिंडे तेव्हा काही झालं नाही. एकटी गेली आणि धडधाकट परत आली, दर वेळी. या वेळी ती एकटी नव्हती, मी सोबत होते. कोण्या माणसानं तिला बोट लावलं नाही. तिनं पाणी प्यायलं नाही, कारण रस्त्यावर बाईला बसायला जागा नाही. हे बोलल्यावर पंक्तीतले पुरुष पत्रावळीकडे पाहू लागले. जेवताना बोलायची गोष्ट नव्हती. मग कधी बोलायची?

तुझ्या वर्गातल्या पोरी येतात. बाई कुठं गेल्या होत्या, विचारतात. मी त्यांना लेण्यांचं सांगते, लहान गाडीचं सांगते, धुण्याच्या घाटाचं सांगते. जमेल तिथं जा म्हणते. पाणी प्या म्हणते. लागली तर बसा, ज्याला पाहायचं त्याला पाहू द्या. त्यांच्या आया मला शिव्या देत असतील.

तुला एक सांगायचं राहिलं. लेणी मला आवडली. तिथं बसून बरं वाटलं होतं. तू विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं.

आपण दोघी एकाच उन्हात होतो. तू तरणी होतीस, मी म्हातारी. मी पाणी पीत होते. मी जगले.